माझ्या दुसऱ्या लग्नाची थाप

समोरच्या घरात सकाळी साडेदहाला फोडणी पडली की माझं डोकं फिरतं. फोडणी चांगली असते, म्हणूनच फिरतं. आमच्या रावपुऱ्यातल्या खडकीत, बोळाला इथं गुजरातीत खडकी म्हणतात, घरं समोरासमोर आहेत, मधे दोन स्कूटर कशाबशा एकमेकींना टाळून जातील एवढीच वाट. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खिडकीच्या अगदी तोंडावर. हिंग त्यांच्या कढईत पडतो आणि ठसका मला लागतो.

समोर राहतो तो माझा लहानपणचा सोबती. दोघं याच खडकीत वाढलो. त्याने शाळा पुरी केली, सरकारी कचेरीत चिकटला आणि हेडक्लार्क होऊन रिटायर झाला. मी सातवीत शाळा सोडली आणि पुढं वाघोडियाच्या एका कारखान्यात फिटर झालो. खडकीत त्याला सगळे हेडक्लार्क म्हणतात आणि मला फिटर. आम्ही एकमेकांनाही तेच म्हणतो.

त्याची बायको आधी गेली. दीड वर्षाने माझी गेली. त्या दिवसांत मला त्याचा हेवा वाटत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. दोघांचीही खिचडी करपायची. दोघांच्याही शर्टाची बटणं तुटलेली असायची. संध्याकाळी सुरसागर तळ्याच्या पाळीवर, काठाच्या कठड्यावर, जाऊन बसायचो आणि घरी परतायची घाई दोघांनाही नसायची. कुणी विचारलं कसं चाललंय, तर दोघं एकदमच म्हणायचो, चाललंय. आपण दुःखात असताना शेजारीही तेवढ्याच दुःखात असला तर दिवस निघतात. ऐकायला वाईट वाटेल, पण तसंच आहे.

मग मागच्या दिवाळीनंतर त्याने पादरा गावाहून दुसरी बायको आणली.

बाई विधवा, साठीच्या आसपासची, आपल्यातलीच. मुलं आपापल्या वाटेला लागलेली. कोर्टात सह्या केल्या, चार माणसांना जेवायला घातलं, झालं लग्न. खडकीत दोन दिवस कुजबुज झाली, मग लोक आपल्या कामाला लागले. मी नाही लागलो. मी खिडकीशी उभा राहून बघत होतो. त्यांच्या खिडकीला धुतलेला पडदा आला. हेडक्लार्कच्या शर्टाला इस्त्री आली. त्याला कुणीतरी ओरडायला लागलं, "अहो, ओले पाय घेऊन आत येऊ नका," आणि तो मुद्दाम ओले पाय घेऊन आत जायचा, मी बघितलंय. बाई वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. बाई चांगली निघाली.

आता पेन्शनचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जे पेन्शन मी खातो ते माझं नाही, बायकोचं आहे. ती सरकारी दवाखान्यात आया होती. माझा कारखाना बंद पडला तेव्हा जे काही हातात आलं ते मुलीच्या लग्नात आणि घराच्या पत्र्यात गेलं. तिची नोकरी पक्की आणि माझी कच्ची, हे मला पहिल्यापासून टोचायचं. पगाराच्या दिवशी ती पाकीट देवापुढं ठेवायची आणि मी नेमका तेव्हा पानाच्या गल्ल्यावर, टपरीवर, जायचो. बायकोचा हेवा करणारे नवरे तुम्ही फार बघितले नसतील. मी होतो. ती रिटायर झाली, तिला पेन्शन लागलं, आणि ती गेल्यावर त्यातला काही हिस्सा नवरा म्हणून मला मिळायला लागला. त्याला कुटुंब-पेन्शन म्हणतात. जिचा जन्मभर हेवा केला तिच्याच जिवावर आज जेवतोय.

हे पेन्शन बंद पडलं तर घराला कुलूप लावायचं आणि सुरतेला मुलीकडे जायचं, दुसरी वाट नाही. मुलगी प्रेमळ आहे. जावई भला आहे, पण रातपाळी करून दिवसा झोपतो आणि घर दोन खोल्यांचं. मी खोकलो की तो उठतो. आणि खरं कारण ते नाहीच. मला या घरात राहायचंय. ही याच घरात राहत होती. सुरतेच्या घरात ती दोनदा गेली असेल, तिथं तिचं काहीच नाही.

काटकसर आम्हाला नवी नव्हती. पण दोघांची काटकसर आणि एकट्याची काटकसर यांत फरक आहे, हे ही गेल्यावर कळलं. दोघं होतो तेव्हा फ्लॉवरचा एक गड्डा दोन दिवस पुरायचा, त्याच्या पाल्याचीसुद्धा ती डाळ घालून भाजी करायची. एकट्याला तोच गड्डा चार दिवस खावा लागतो. तिसऱ्या दिवशी नकोसा होतो आणि चौथ्या दिवशी वास येतो. अर्धा नारळ कुणी विकत नाही. दुधाची लहानात लहान पिशवी घेतली तरी उरतं. ती उरलेल्याला विरजण लावायची, मी लावलं की त्याचं भलतंच काहीतरी होतं. पंखा दोघांना लागायचा तेवढाच एकट्याला लागतो. दिव्याचंही तेच. पूर्वी एका दिव्याखाली ती तांदूळ निवडायची आणि मी चपला शिवायचो. आता तो दिवा माझ्या एकट्यासाठी कशाला जाळू? म्हणून अंधार पडला की मी ओट्यावर येऊन बसतो. खडकीच्या तोंडाशी खांबावरचा दिवा आहे, त्याचा उजेड फुकट.

पेपर वाचनालयात वाचतो. भाजी खंडेराव मार्केटमध्ये दुपारी दीड-दोनला घेतो, तेव्हा भाजीवाल्या उरलेल्याचे ढीग करून देतात आणि घासाघीस न करता देतात, कारण त्यांनाही घरी जायचं असतं. चहात दूध सकाळी, संध्याकाळचा कोरा. कुठंही चालत जातो. गुडघा कुरकुरतो, पण त्याला तिकीट लागत नाही. याची मला लाज वाटत नाही. लाज वाटायला चोरी थोडीच करतोय?

हेडक्लार्कचं पेन्शन माझ्या दुपटीहून जास्त असेल, तरी तोही जपूनच खर्च करतो. पण त्याची काटकसर बघितली की माझा जळफळाट होतो. एकदा खडकीच्या तोंडाशी गाडीवाला उभा होता आणि ती दोघं कलिंगडावरून भांडत होती.

"अर्धंच घ्या," ती म्हणाली.

"अर्ध्यात काय होतंय?"

"डॉक्टरांनी शुगरचं काय सांगितलंय? अर्धं म्हणजे अर्धं."

घेतलं अर्धं. आपण अख्खं घ्यायला जावं आणि कुणीतरी हाताला धरून अर्ध्यावर आणावं, याला मी श्रीमंती म्हणतो. मला कुणी अडवत नाही. मी स्वतःच स्वतःला अडवतो, त्यात काय मजा?

अशा तापलेल्या डोक्याने मी तो मूर्खपणा केला.

उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. सुरसागरच्या पाळीवर आम्ही चार-पाच म्हातारे बसलो होतो. हेडक्लार्क उशिरा आला. मानेला पांढरी पावडर आणि हातात वाळ्याच्या सरबताची बाटली.

"काय रे, पिठाच्या गिरणीतून आलास का?" मी विचारलं.

"घामोळं आलंय. ही पावडर लावते सकाळ-संध्याकाळ. नको म्हटलं तरी ऐकत नाही."

बाकीचे हसले. एकजण म्हणाला, "भाग्य आहे लेका तुझं. आम्हाला पाठ खाजवायला दाराची चौकट."

"घे फिटर," हेडक्लार्कने बाटली माझ्यापुढं धरली. "तुझ्यापुरतं जास्त घातलंय तिने. म्हणाली, भावजी उन्हातान्हाचे चालत असतात."

त्याचं सुख त्याने त्याच्या घरात ठेवलं असतं तर मी निभावून नेलं असतं. पण त्यातलं घोटभर बाटलीत घालून मला पाजायला आणलं, ते मला सहन झालं नाही. मी बाटलीला हात लावला नाही. म्हणालो, "माझंही ठरलंय."

"काय ठरलंय?"

"लग्न."

आमच्यातल्या शेंगा फोडणाऱ्याने शेंग तशीच चिमटीत धरून ठेवली.

"कोण रे?" हेडक्लार्कने विचारलं.

थाप मारली की ती उभीही करावी लागते. म्हटलं, "नर्स आहे. हिच्याच दवाखान्यात होती. आता रिटायर झाली."

"राहते कुठं?"

"मांजलपुरात."

"दिसायला कशी आहे?"

"तुला काय करायचंय? उंच आहे."

उंच का म्हणालो कुणास ठाऊक. हेडक्लार्कची बायको बुटकी आहे, म्हणून असेल.

मला वाटलं होतं त्याचं तोंड पडेल. त्याने उठून मला मिठी मारली. येणारे-जाणारे बघत होते. त्याच्या मानेची पावडर माझ्या शर्टाला लागली. "बरं केलंस रे," तो म्हणाला, "तुझ्या घरात अंधार दिसला की मला घास गिळवत नव्हता." डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट मी छाती काढून घरी गेलो. चार दिवस तसाच छाती काढून हिंडलो. खोटं असलं तरी ते चार दिवस बरे गेले.

मग हयातीचा दिवस आला.

दरवर्षी उन्हाळ्यात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवून यावं लागतं, त्याला आमच्याकडे हयाती म्हणतात. पेन्शन आपल्या स्वतःच्या नोकरीचं असलं तर तेवढ्यावर भागतं. माझ्यासारख्याला आणखी एक कागद द्यावा लागतो, की मी पुन्हा लग्न केलेलं नाही. लग्न केलं की कुटुंब-पेन्शन बंद. त्या कागदाच्या रांगेत सगळ्या बायकाच असतात. पहिल्या वर्षी शिपाई मला म्हणाला होता, "काका, आ लाइन बहेनोनी छे." मी म्हटलं, "मीही विधवाच आहे असं समज." बायका हसल्या आणि मला पुढं घेतलं.

या वर्षी खिडकीवरची मुलगी मला बघून लांबूनच हसली. ती बोलते गुजरातीत, मी इथं आपल्या भाषेत लिहितो, फक्त पेढ्यांना ती पेंडे म्हणते ते तसंच ठेवतो. म्हणाली, "अभिनंदन काका! आम्ही सगळ्यांनी पेंडे खाल्ले."

"कसले पेंडे?"

"तुमच्या लग्नाचे. तुमचे दोस्त हयातीला आले होते ना, त्यांनी वाटले. साहेबांनी तर दोन खाल्ले."

मी कागद पुढं सरकवला होता. पुन्हा लग्न केलेलं नाही, खाली माझी सही. तिने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कागद वाचला. हसू गेलं तिचं.

"काका, लग्न झालंय की नाही?"

"नाही झालं."

"होणार आहे?"

"नाही."

"मग पेंडे कसले?"

मागं रांगेतल्या बायका माना पुढं काढून ऐकत होत्या. मी म्हटलं, गैरसमज झाला. कुणाचा झाला, तिने विचारलं. ती उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेली, बऱ्याच वेळाने आली. म्हणाली, "काका, अख्ख्या स्टाफने पेंडे खाल्लेत, आता हा कागद मी डोळे मिटून कसा घेऊ? वर कळवावं लागेल. माणूस येऊन चौकशी करेल. तोवर पेन्शन होल्ड." मला तिचा राग आला नाही. तिने तिचं काम केलं.

घरी न जाता मी सरळ समोर शिरलो. हेडक्लार्क झोपाळ्यावर बसला होता.

"तू बँकेत पेढे वाटलेस?"

"वाटले! अर्धा किलो. तुझ्याकडे काही मागत नाही, ते माझ्याकडून."

"माझं पेन्शन बंद झालं."

"का?"

"लग्न केलं म्हणून."

"लग्न केल्यावर कशाला बंद होईल? मी केलं, माझं कुठं झालं?"

"तुझं तुझं आहे. माझं बायकोचं आहे!"

झोपाळा थांबला. जन्मभर लोकांच्या फायली वाचलेला माणूस, कुठला कागद कुठल्या टेबलावर अडेल हे झोपेत सांगणारा. पण कुटुंब-पेन्शन म्हणजे विधवा बायका, एवढंच त्याच्या डोक्यात बसलेलं. आपल्या बरोबरीच्या पुरुषालाही तो नियम लागतो हे त्याला सुचलंच नव्हतं.

"अरे देवा," तो म्हणाला. "मग तू करतोस कशाला लग्न? सोडून दे."

"धरलंय कुठं सोडायला? नर्स नाहीये."

"नाही म्हणाली?"

"मुळात नाहीच आहे. थाप मारली मी."

"थाप? कशासाठी?"

"तुझ्या मानेवरच्या पावडरीसाठी," मी म्हणालो.

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कुणीच हसलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "आणि मी नर्सबाईंसाठी साडी काढून ठेवली होती. उंच आहेत म्हणालात, म्हणून मोठ्या पन्ह्याची."

मी उठून घरी आलो.

बातमी सुरतेला कशी पोचली माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, हे काय ऐकते मी?"

"खोटं आहे ते."

"लग्न झाल्याचं खोटं की पेन्शन बंद झाल्याचं?"

"लग्नाचं."

"म्हणजे बाई पण नाही आणि पेन्शन पण नाही." हसत होती की रडत होती, फोनवर कळेना. मग म्हणाली, "सामान बांधून ठेवा. या महिन्यात चौकशी आटपली नाही तर मी येते न्यायला."

मी सामान बांधलं नाही. सकाळच्या चहातलंही दूध बंद केलं. रेशनचा तांदूळ होता, तो पुरवून पुरवून खाल्ला. समोरच्या वहिनींनी, हेडक्लार्कच्या बायकोने, दोनदा डबा पाठवला, दोनदा मी परत केला. तिसऱ्यांदा त्यांनी डबा माझ्या ओट्यावर ठेवला आणि स्वतःच्या घरात जाऊन दार लावून घेतलं. मी खाल्ला. मेथीची भाजी होती, चांगली झाली होती. चांगली झाली होती म्हणून आणखी राग आला.

चौकशीचा माणूस आला तो भर दुपारी, बगलेत फाइल आणि डोक्याला रुमाल बांधून. चाळिशीचा असेल, गुजराती, बोलायला मऊ. पाणी प्यायला. म्हणाला, "काका, बे पंच बोलावो. तमने रोज जोता होय एवा." मला रोज बघणारे दोन शेजारी. बाजूची घरं आता दुकानांची गोदामं झालीत, तिथं माणसं राहत नाहीत. रोज बघणारे दोनच. जावं लागलं समोर. ज्यांच्यावर जळून हे सगळं झालं त्यांच्याच दारात जाऊन मी म्हणालो, "या जरा. माझ्या घरात बाई नाही, असं सांगायला या."

दोघं आले. हेडक्लार्कने जुन्या सवयीने चष्मा पुसला आणि चौकशीच्या साहेबाचा कागद उलट्या बाजूने वाचायला लागला.

साहेबाने घर बघितलं. बघायला कितीसं आहे, पुढची खोली, मागची खोली, न्हाणी. मागच्या दारात दोरीवर निळी साडी वाळत होती. तो तिथंच थांबला.

"आ साडी कोनी छे?"

"माझी."

"तमारी?"

"म्हणजे माझ्या बायकोची."

"एटले पत्नी छे."

"होती."

हिच्या जुन्या सुती साड्या मी चादर म्हणून वापरतो. दोन साड्या आळीपाळीने धुतो. नव्या चादरी घ्यायला नकोत आणि अंगाला मऊ लागतात. हे मी त्याला सांगितलं. पण सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. पुढच्या दाराशी हिच्या चपला होत्या, त्या मी काढलेल्या नाहीत. फणी आरशाला अडकवलेली होती. जे जे मी तसंच ठेवलं होतं ते सगळं माझ्यावर उलटलं. साहेबाने लिहिता लिहिता पेन उचलून धरलं. हेडक्लार्क म्हणाला, "साहेब, मी सांगतो ना, हा एकटाच राहतो." साहेब त्याला म्हणाला, "दादा, पेंडे तर तुम्हीच वाटलेत." हेडक्लार्कची मान खाली गेली. माझ्या डोळ्यांपुढं सुरतेची ती दोन खोल्यांची जागा आली आणि दिवसा झोपलेला जावई.

तेव्हा वहिनी बोलल्या. तोवर पदर डोक्यावर घेऊन दाराशी उभ्या होत्या.

"साहेब, या घरात बाई नाही. मी माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहते ना, तिथून यांचं सगळं ऐकू येतं. सकाळी हे म्हणतात, दूध आलं गं. कुणी उठत नाही. मग स्वतःच उठून घेतात. दहा वाजता विचारतात, भाजी काय करू? उत्तर येत नाही. मग बटाटा करतात. रोज बटाटा. घरात बाई असती तर रोज बटाटा झाला असता का?"

साहेब हसायला गेला आणि थांबला.

"संध्याकाळी कुलूप लावून निघतात," वहिनी पुढं म्हणाल्या, "तेव्हा दाराला सांगतात, तासाभरात येतो. आणि तासाभरात येतात. मी सात-आठ महिने ऐकतेय. दुसरा आवाज एकदाही आला नाही."

मी भिंतीला हात लावून उभा होतो. मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं मी मनात बोलतो.

साहेबाने सगळं लिहून घेतलं. बटाट्याचंही लिहिलं का ते मी विचारलं नाही. शेवटी त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, की सदर इसम एकटेच राहतात, दुसरी पत्नी केलेली नाही, तशी कोणी स्त्री घरात राहत नाही. दोघा पंचांच्या सह्या झाल्या. मग कागद माझ्यापुढं आला. सगळं खरं होतं आणि माझ्याच फायद्याचं होतं, तरी त्या कागदावर सही करायला हात उचलेना. नुसतं एकटं असणं वेगळं आणि आपण एकटे आहोत हे दोन साक्षीदारांसमोर कबूल करणं वेगळं. केली सही. उठताना साहेब म्हणाला, "चिंता ना करशो काका, चालू थई जशे." आणि खरंच, पुढच्या महिन्यात पेन्शन चालू झालं. मुलीला फोन करून सांगितलं, येऊ नकोस.

पण त्या दुपारचं राहिलंच. साहेब गेला तशा वहिनी जरा घुटमळल्या. "भावजी, तुमचं बोलणं ऐकते म्हणून रागावलात का?"

"ऐकू येतं तर खिडकी लावून घ्यायची," मी म्हणालो.

"नाही लावणार," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

हेडक्लार्क माझ्या ओट्यावरच बसून राहिला. मला वाटलं पेढ्यांबद्दल माफी मागेल, मी काय बोलायचं ते ठरवूनही ठेवलं. पण तो समोर आपल्या घराकडे बघत म्हणाला, "तुझं बरं आहे रे."

"माझं? काय बरं आहे?"

"तू बोलतोस तिच्याशी. मला नाही बोलता येत. पहिलीचं नाव निघालं की ही गप्प होते, काही म्हणत नाही, पण दिवसभर गप्प. आता मी तिला मनातसुद्धा हाक मारत नाही. एकदा फार आठवण आली तर संडासात जाऊन, नळ सोडून बोललो. दोन मिनिटं."

शहाण्या माणसाने अशा वेळी सोबत्याच्या पाठीवर हात ठेवला असता. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? त्याच्याकडे नसलेली एक वस्तू माझ्याकडे निघाली आणि ती त्याला हवी होती. कितीतरी दिवसांनी मी त्याच्याकडे सरळ बघू शकलो.

तेवढ्यात समोरून हाक आली, "अहो, पानं वाढलीयत." तो लगेच उठला. मधलं बोलणं तसंच टाकून, गुडघ्यावर हात ठेवून, घाईने उठला. वाढलेल्या पानावर जायची ती घाई बघितली आणि माझं बरं वाटणं तिथंच संपलं.

मी आत आलो, खिडकी लावून घेतली आणि झालेलं सगळं हिला सांगितलं, हळू आवाजात, समोर जाणार नाही असं. नर्सचं तेवढं गाळलं. दवाखान्यातल्या नर्सांवर तिचा पहिल्यापासून राग होता.